थंड बाजूचा प्रश्न: नळदुर्गातील एक घरगुती सौरइंजिन

सूर्याच्या उष्णतेवर चालणाऱ्या घरगुती इंजिनात उष्णता गोळा करणे तुलनेने सोपे आणि इंजिनाचे दुसरे टोक थंड राखणे अवघड असते, हे नळदुर्गातील एका घराच्या गच्चीवर प्रस्तुत लेखकाने केलेल्या उभारणीतून स्पष्ट झाले. आरशाचे तुकडे चिकटवलेली टीव्हीची जुनी छत्री, किरण एकवटतात त्या नाभीपाशी काळा रंगवलेला पोलादी डबा आणि गतिचक्र म्हणून सायकलचे चाक, एवढेच साहित्य त्यात होते. रचना १८१६ मध्ये रॉबर्ट स्टर्लिंग या स्कॉटिश धर्मोपदेशकाने पेटंट घेतलेल्या तत्त्वावरची होती: बंद नळकांड्यातील तीच ती हवा विस्थापक नावाचा सैल दट्ट्या आळीपाळीने गरम आणि थंड टोकाकडे ढकलतो, ती तापून फुगली की घट्ट बसणाऱ्या दुसऱ्या दट्ट्याला रेटते आणि निवली की त्याला मागे येऊ देते, त्यामुळे बाष्पक लागत नाही आणि तो फुटण्याची धास्तीही उरत नाही.

बाष्पकाची वाट मुंबईत विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रज अधिकाऱ्याने चोखाळली होती. सपाट आरशांच्या अर्धवर्तुळाने पाणी उकळून त्याने अडीच अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन चालवले आणि १८७८ मध्ये त्यावर पुस्तकही प्रसिद्ध केले.

उष्णतेच्या इंजिनाची कमाल कार्यक्षमता दोन टोकांच्या निरपेक्ष तापमानांवरच ठरते, हा कार्नोचा १८२४ मधील सिद्धांत आहे. गरम टोक २०० अंश सेल्सिअस व थंड टोक ६० अंश असेल, तर ही मर्यादा सुमारे ३० टक्के, आणि थंड टोक ३० अंशांवर आणले, तर ३६ टक्के होते. घर्षण आणि गळती यांमुळे घरगुती यंत्राच्या पदरी त्यातला अगदी लहान वाटा पडतो. नळदुर्गच्या उन्हाळ्यात वाराच चाळिशीला टेकत असल्याने थंड टोकावरच्या ॲल्युमिनिअमच्या पात्या निरुपयोगी ठरल्या, आणि सकाळी सुरळीत फिरणारे चाक भर दुपारी मंदावू लागले. (इथल्या किल्ल्यात धरणाच्याच पोटात पाणीमहाल बांधणाऱ्या आदिलशाही स्थपतींना गारव्याचे मोल वेगळे सांगावे लागले नसते.) त्यानंतर पात्यांच्या जागी बोअरच्या पाण्याचे वेष्टन बसवले गेले.

विजेपुरता विचार केला, तर हा खटाटोप समर्थनीय नाही, कारण यंत्रावर एखादा लहान एलईडी दिवा लागे, तर तेवढ्याच जागेतले बाजारातले सौरपॅनेल घराचे पंखे चालवू शकते. वेष्टनातून बाहेर पडणारे कोमट पाणी मात्र आंघोळीला उपयोगी पडले. फक्त ते अधिक गरम हवे असेल, तर प्रवाह कमी करावा लागे आणि चाक पुन्हा मंदावे. घरच्या मंडळींनी हिवाळ्यात पाण्याच्या बाजूने कौल दिला.