मुद्दाम शिळा केलेला भात

शिळा भात ही पूर्वी चारचौघांत सांगायची गोष्ट नव्हती. सकाळी तो हाताने मोकळा व्हायचा, मोहरी-हिंग-हळदीच्या फोडणीत पडायचा, वर चार शेंगदाणे, आणि घरातलीच माणसं तो संपवायची. पाहुणा दारात दिसला की पातेल्यावर झाकण पडायचं. त्याच घरात आता शनिवारी रात्री वाटीभर तांदूळ जास्तीचे धुतले जातात, ते केवळ रविवारच्या फ्राइड राइससाठी शिळे व्हावेत म्हणून. आमच्या सासूबाईंच्या हे अजून पचनी पडलेलं नाही. “अगं, चांगला ताजा भात शिळा करून खायचा, ही कुठली तऱ्हा?”

खरं तर फ्राइड राइस हे मुळातच उरल्यासुरल्याचं अन्न. चीनमध्येही घरोघरी तो असाच होतो: कालचा भात, एखादं अंडं, कांद्याची पात, डब्यात राहिलेला मांसाचा तुकडा. पुढे तो हॉटेलात गेला आणि त्याला बिरुदं लागली. जिआंग्सू प्रांतातल्या यांगझोउ शहराचा भात सगळ्यांत नावाजलेला. त्यात अंडं, कोळंबी, हॅम, मटार; सोया सॉस बहुधा नाहीच, त्यामुळे रंग फिका, अंड्याने जेमतेम पिवळा. २०१५ मध्ये या शहराने जगातला सगळ्यांत मोठा फ्राइड राइस करण्याचा घाट घातला. चार टनांहून जास्त भात तयार झाला. पण त्यातला काही जनावरांच्या खाण्यासाठी रवाना झाल्याचं बाहेर आलं आणि गिनेसने विक्रम रद्द केला, कारण असं अन्न माणसांच्याच पोटात जायला हवं असा त्यांचा नियम. अन्न टाकायचं नाही म्हणून जन्मलेला पदार्थ, आणि त्याचा विक्रम गेला तो नासाडीपायी! ही हकीकत ऐकून सासूबाईंनी तडक गिनेसवाल्यांची बाजू घेतली.

शिळेपणात गंमत आहे ती अशी. तांदळातलं पिष्ट शिजताना पाणी पिऊन फुगतं, मऊ होतं. भात थंड झाला की तेच पिष्ट पुन्हा घट्ट बसत जातं, शीत कडक होतं, वरचा ओलावा सुकतो. असं शीत कढईत उलटंपालटं केलं तरी मोडत नाही. गरम भात टाकाल तर गिचका होणार, मग भले हात कितीही सराईत असो. आंबेमोहोर किंवा इंद्रायणी इथे उपयोगाची नाही. वरण-तुपाखाली त्यांचा जो मऊ चिकटपणा आपल्याला हवासा वाटतो, तोच इथे आडवा येतो. कोलम चालतो. बासमती तर चायनीजच्या गाडीवरही असतो, पण मला तो या कामाला जरा जास्तच लांबलचक वाटतो.

एका बाबतीत मात्र सासूबाईंचं शिळ्याविषयीचं भय अगदी खरं आहे. भात रात्रभर ओट्यावर राहू द्यायचा नाही. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजतानाही मरत नाहीत. कोमट भातात ते जागे होतात, वाढतात, आणि त्यांचं उलटी करवणारं विष नंतर कितीही परतलं तरी जात नाही. १९७० च्या दशकात ब्रिटनमधल्या चायनीज हॉटेलांत फ्राइड राइस खाऊन माणसं आजारी पडू लागली, तेव्हा याचा छडा लागला; भात आदल्या दिवशी शिजवून तसाच बाहेर ठेवलेला असायचा. म्हणून आमच्याकडे भात झाला की परातीत पसरायचा, वाफ गेली की लगेच फ्रीजमध्ये.

दुसऱ्या दिवशी परात बाहेर काढली की भाताची ढेकळं झालेली असतात. बोटं पाण्यात बुडवून ती हलकेच सोडवायची, दाबायची नाहीत. थंडगार शितं बोटांना जराशी खरखरीत लागतात, एकेक सुटून परातीवर टपटप पडतं. फरसबी आणि गाजर इतकं बारीक हवं की शितापेक्षा फार मोठं दिसू नये. कोबी सगळ्यांत शेवटी, नाहीतर तो पाणी सोडतो आणि सगळं मुसळ केरात. लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापू द्यायची, तेल फिरवायचं, अंडं ओतायचं. कडा फुगून जाळीदार होते न होते तोच भात वर. एका वेळी दोन माणसांपुरताच. चौघांचा एकदम टाकला की कढई निवते आणि भात परतला न जाता वाफवला जातो.

एवढं करूनही मुलगा म्हणतोच, “आई, गाडीवरच्यासारखा नाही लागत.” नाहीच लागणार. गाडीवरच्या शेगडीचा जाळ आपल्या बर्नरच्या कित्येक पट असतो. कढई उसळली की तेलाचे बारीक थेंब त्या जाळावर पेटतात आणि धुरकट वास भाताला धरतो. कॅन्टनचे लोक त्याला वोक हे म्हणतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या दोन संशोधकांनी पाच आचाऱ्यांचं चित्रण करून या उसळीचं गणितच मांडलं, २०२० मध्ये. कढई शेगडीच्या कडेला टेकलेलीच राहते. मागेपुढे सरकणं आणि झोका घेणं एकाच वेळी चालतं, आणि हे सारं सेकंदाला साधारण तीनदा. या आचाऱ्यांचे खांदे धरतात, म्हणून तर हा अभ्यास सुरू झाला. कोपऱ्यावरच्या गाडीवर रात्री अकरापर्यंत हात चालवणाऱ्या पोराच्या खांद्यांकडे मी त्यानंतर नीट पाहू लागले.

गाडीवरचा भात लाल असतो तो शेजवान चटणीमुळे. हे आपलं चायनीज कोलकात्याच्या टांगऱ्यातल्या हक्का कुटुंबांच्या हातून घडलं आणि मुंबईत येऊन बहकलं. कोलकात्याहून मुंबईत आलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंच्युरियन केलं, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. बहकलं तर बहकलं, मला त्याचं काही वावडं नाही. पण शेजवान ज्या सिचुआन प्रांताचं नाव लावते, तिथली जीभ बधिर करणारी मिरी तिच्यात सहसा नसतेच. असते सुकी लाल मिरची, लसूण आणि व्हिनेगर.

आणि त्या मिरीचं सख्खं नातलग आपल्या कोकणात आहे: तिरफळ! दोन्ही झाडं एकाच कुळातली, एकाच प्रजातीची भावंडं. तीच जिभेवरची मुंगी, तोच लिंबाच्या सालीकडे झुकणारा वास. शेजवान घालणाऱ्या कुणालाच हे कसं सुचलं नाही, असं म्हणत मी एकदा तिरफळाच्या काळ्या बिया काढून साल भरड कुटली, तेलात टाकली आणि त्यावर लसूण-मिरची परतली. भात सुरेख झाला होता, निदान मला तसं वाटलं. मुलाने पहिला घास घेतला, थांबला, ताटात इकडे-तिकडे शोधलं आणि विचारलं, “आई, बांगडा कुठंय?”