राणीच्या बागेच्या दारांतील रंगीत भांडीं

मुंबईस पाहुणे म्हणून येणारीं आपल्याकडील कुटुंबें राणीच्या बागेंत गेल्यावांचून सहसा परतत नाहींत. मुलांना प्राणी दाखवावयाचे, झाडांच्या सावलींत डबे सोडावयाचे आणि ऊन कलतांच घरची वाट धरावयाची, हा परिपाठ जुनाच आहे. बागेच्या दाराशींच डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नांवाचें वस्तुसंग्रहालय उभें आहे. पण 'पुढच्या खेपेस पाहूं' असें म्हणून पुष्कळ मंडळी त्यावरून पुढें जातात. आम्ही मात्र या खेपेस मुद्दाम त्याच्याचसाठीं गेलों. निमित्त घरगुती होतें. आमच्या तात्यांच्या नातीनें बारावीनंतर मातीकाम शिकण्याचा हट्ट धरला आहे. 'चार पिढ्या लेखणी धरलेल्या घरांत आतां मडकीं का थापावयाचीं?' हा तात्यांचा प्रश्न. वाद घरांत बसून मिटेना, तेव्हां विद्यार्थ्यांनीं पूर्वीं केलेलें काम डोळ्यांनीं पाहावें, असें ठरलें.

संग्रहालयाची ही इमारत १८७२ सालीं लोकांस खुली झाली. तेव्हां तिचें नांव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम असें होतें. जे भाऊ दाजी तिच्यासाठीं झटले, त्यांचें नांव तिला १९७५ सालीं मिळालें. जीर्णोद्धारानंतर ती २००८ सालीं पुन्हां उघडली. उंच लोखंडी खांब आणि वरचा नक्षीदार सज्जा प्रेक्षणीय आहेतच; परंतु आमचे पाय खिळले ते मुंबईच्या कलाशाळेंत, म्हणजे सर जमशेटजी जीजीभाई स्कूल ऑफ आर्टमध्यें, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तयार झालेल्या भांड्यांपुढें. निळा, हिरवा, पिवळा, तपकिरी असे मोजकेच रंग. पांढुरक्या अंगावर दाट वेलबुट्टी. आणि सर्वांवर पाण्यासारखी नितळ झिलई.

या भांड्यांची कुळकथा मनोरंजक आहे. कलाशाळा १८५७ सालीं चित्रकलेच्या वर्गानें सुरू झाली. जॉर्ज विल्किन्स टेरी या शिक्षकानें १८७० नंतरच्या दशकांत तेथें कुंभारकाम नांवारूपास आणलें. झिलईदार भांड्यांची आणि फरशांची परंपरा सिंध प्रांतांत फार जुनी. तेथील कारागिरांची विद्या त्यानें मुंबईच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोंचविली. त्याच सुमारास दुसरे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांसह अजिंठ्यास जाऊन तेथील भित्तिचित्रांच्या नकला करवीत होते. १८७२ पासून १८८५ पर्यंत हें काम चाललें. लेण्यांतील कमळें, हंस आणि वेली अशा रीतीनें फुलदाण्यांवर उतरल्या. आणखी एक योग असा कीं, अजिंठ्याचे शिलालेख वाचून प्रसिद्ध करणाऱ्या पहिल्या विद्वानांत भाऊ दाजींची गणना होते. त्यांच्या नांवाच्या छत्राखालीं हीं भांडीं नांदावीं, हें उचितच झालें.

तात्यांनीं सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाले, "यांत पोरांचं स्वतःचं काय? झिलई सिंधची, नक्षी अजिंठ्याची, गुरुजी विलायतेचे. भिंतीवरचं उचललं आणि मडक्यावर ठेवलं!"

वहिनी एरवीं तात्यांपुढें फारशा बोलत नाहींत, पण त्या हळूच म्हणाल्या, "तात्या, यंदा संक्रांतीला सुगडांवर हळदकुंकवाचीं बोटं तुम्ही ओढून पाहा. दोन बोटांमधलं अंतर वर आणि खालीं सारखं राहिलं, तर मी हरले."

या एका वाक्यांत वहिनींनीं मर्म सांगितलें. अजिंठ्याच्या छतावरील नक्षी चौकोनांत बसविलेली आहे. भांड्याला पोट आहे आणि गळा आहे. सपाट कमळ जसेंच्या तसें पोटावर ठेवलें तर तें फाटक्या कापडासारखें ताणलेलें दिसेल, आणि गळ्यावर आणलें तर चिरडून जाईल. म्हणून विद्यार्थ्याला आधीं भांड्याच्या घेराचे भाग पाडावे लागतात; जेथें घेर वाढतो तेथें पाकळी फुगवावी लागते, जेथें आवळतो तेथें वेल निमुळती करावी लागते. हा निर्णय अजिंठ्याच्या चित्रकारानें त्याच्यासाठीं करून ठेवलेला नाहीं. नक्कल येथें संपते आणि विद्यार्थ्याची स्वतःची बुद्धि सुरू होते.

पुढची अडचण रंगांची. सुगडावरचें हळदकुंकू ओल्या हाताने पुसतां येतें, कारण तें मातीच्या वर असतें. झिलईखालचा रंग आगीनें भांड्याशीं एकजीव झालेला असतो. लाल मातीवर आधीं पांढऱ्या मातीचा पातळ लेप देतात. माती ओलसर असतांनाच तो द्यावा लागतो. ती सुकल्यावर दिला तर लेप आणि अंग सारखें आकसत नाहींत व पापुद्रे सुटतात. मग पहिली भाजणी, तीवर रंगकाम, त्यावर झिलई आणि पुन्हां भट्टी. गंमत अशी कीं, निळ्यासाठीं वापरावयाचें कोबाल्टचें भस्म काळें, हिरव्यासाठीं तांब्याचें भस्म काळें आणि जांभळट तपकिरीसाठीं मँगेनीजचेंही काळेंच! तीन काळ्यांनीं रंगवून विद्यार्थी मनांत निळा, हिरवा, जांभळा पाहत असतो. तेंच तांबें शिसें असलेल्या झिलईखालीं हिरवें दिसतें आणि क्षार अधिक असलेल्या झिलईखालीं फिरोजी होतें. शिवाय भाजलेली माती कुंचल्यांतलें पाणी तत्काळ शोषते. एकदां ओढलेली रेघ पुन्हां हलवितां येत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही कलाशाळेच्या आवारांत गेलों. बोरीबंदर आणि क्रॉफर्ड मार्केट यांच्या गजबजाटामध्यें हें आवार अजून झाडांनीं झांकलेलें आहे. येथील जुनी इमारत १८७८ सालची. मातीकामाच्या शास्त्रीय अभ्यासासाठीं १९१० सालीं येथें सर जॉर्ज क्लार्क यांच्या नांवाची प्रयोगशाळाही निघाली होती. तेथें भेटलेल्या एका विद्यार्थिनीनें आम्हांला आजच्या पद्धति समजावून दिल्या. लेप ओला असतां खरवडून खालच्या मातीचा रंग उघडा करावयाचा; रेघा कोरून त्यांत निराळ्या रंगाची माती भरावयाची आणि वरचा भाग तासून साफ करावयाचा; मेणानें नक्षी काढून वर लेप किंवा झिलई चढवावयाची, म्हणजे मेणाची जागा कोरी राहते; किंवा लाकडी ठसा ओल्या अंगावर दाबावयाचा. तिच्याजवळ पत्त्याएवढ्या फरश्यांची एक माळ होती. प्रत्येकीच्या पाठीवर क्रमांक, आणि वहींत त्या क्रमांकापुढें माती, रंग, झिलई यांचीं वजनें.

तात्यांनीं विचारलें, "यांतल्या किती बिघडल्या?"

"काका, निम्म्याहून अधिक," ती म्हणाली. "पण बिघडली तरी वहींत लिहावंच लागतं. नाहींतर पुढच्या वेळीं तीच चूक नवी म्हणून करीन."

हें उत्तर तात्यांना आवडलेलें दिसलें. कारण त्यांचें सारें आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेलें आहे.

आम्हांस या प्रवासांत जें उमगलें तें एवढेंच कीं, नक्षी ही भांडें तयार झाल्यावर वरून चढविण्याचा दागिना नव्हे. माती कोणती, ती किती ओली, लेप केव्हां, आंच किती, हें सर्व ठरतांना नक्षीही ठरत असते. डोकें आणि हात यांची येथें फारकत करतांच येत नाहीं. आपल्या घरांतून मात्र ही फारकत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. माती हें कुंभाराचें काम म्हणून आपण तें दूर ठेवलें. त्याच्या घरचें मूल जें ज्ञान खेळतां खेळतां मिळवीत होतें, त्याला विद्या म्हणण्यासही आपण तयार नव्हतों. कलाशाळेनें तें ज्ञान वहींत उतरवून सर्वांस खुलें केलें, हा तिचा मोठा उपकार. पण मूळ धनी कोण हें विसरून चालणार नाहीं.

अजिंठ्याच्या नकलांचें पुढें काय झालें तें वाचकांस ठाऊक असेल. रॉबर्ट गिल यांनीं केलेल्या आधींच्या बहुतेक नकला १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें जळाल्या. ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्यांच्या अनेक नकला १८८५ सालीं साउथ केन्सिंग्टनच्या आगींत गेल्या. त्याच पिढीच्या विद्यार्थ्यांनीं मातीवर काढलेली वेल आगींतून निघूनच पक्की झाली होती. ती काढणाऱ्यांपैकीं बहुतेकांचीं नांवें आज कोणी सांगूं शकत नाहीं. परंतु हात कोठें थबकला आणि कोठें निःशंक फिरला, हें रेघेंत अजून वाचतां येतें.

नातीच्या प्रवेशाचा निकाल तात्यांनीं अद्याप दिलेला नाहीं. मात्र प्रवेशाचा अर्ज त्यांच्या टेबलावर आहे, आणि त्यावर वजन म्हणून त्या विद्यार्थिनीनें दिलेली एक बिघडलेली फरशी ठेवलेली आहे.