कोटाच्या आतली रात्र

भिलाईला पाहुणे आले की त्यांना दाखवायला मैत्रीबाग असते, सिव्हिक सेंटर असतं, कारखान्याचा पास मिळालाच तर धगधगती भट्टी असते. जुनी पेठ, जुनी वेस, जुना वाडा मात्र नसतो. हे शहर आधी कागदावर आलं आणि मग जमिनीवर. २ फेब्रुवारी १९५५ ला दिल्लीत सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि मधल्या चार वर्षांत धानाच्या शेतांवर सेक्टर उभे राहिले. गावं होती इथे, तळी होती, आंब्याची झाडं होती. पण नकाशा काढणाऱ्यानं कोऱ्या कागदावरच पट्टी ठेवली. गल्ल्यांना नावं देत बसायला कुणाला सवड नव्हती. सडक अमुक, सेक्टर तमुक, क्वार्टर नंबर एवढं लिहिलं की पत्र पोहोचायचं. रस्त्याकडेची झाडंसुद्धा सगळी एका वयाची, एकाच वर्गातल्या मुलांसारखी उंचीनं ओळीत उभी.

मी आले ती नागपूरच्या महालातून. तिथे आमच्या घराची एक भिंत शेजाऱ्यांची होती आणि दुसरी कुणाची, हे वडिलांनाही नक्की सांगता येत नसे. रस्ता सरळ जाईल असा भरवसा नव्हता. तो मारुतीला वळसा घाली, विहिरीपाशी रुंद होई, कुणाच्या ओट्याला मान देऊन बारीक होई. लग्नानंतर भिलाईच्या काटकोनी सडकांवर पहिले काही महिने मला चुकायलाच मिळालं नाही, याचं वाईट वाटायचं. पुढे या सरळपणाचीही सवय झाली, मायाही जडली. तरी मनाच्या तळाशी एक हौस राहून गेली: कधीतरी एखाद्या जुन्या शहराच्या अगदी पोटात, तटाच्या आत राहायचं. दिवसा बघून संध्याकाळी परतायचं नाही. तिथे झोपायचं, तिथे उठायचं.

ही हौस फिटण्याची वेळ आता आली आहे, कारण लेक जर्मनीत एर्लांगेनला शिकते. तिची विद्यार्थी वसतिगृहातली खोली एकीपुरतीच. एर्लांगेनहून लोकल गाडीनं वीसेक मिनिटांवर न्यूर्नबर्ग. "आई, तुम्ही दोघं न्यूर्नबर्गलाच उतरा, मी रोज येईन," असं ती म्हणाली आणि रात्रीची जेवणं आटोपली की नकाशा उघडून बसायचा मला नादच लागला.

न्यूर्नबर्गचं जुनं शहर नकाशावर चटकन सापडतं. पेग्निट्झ नदी त्याचे दोन भाग करते. उत्तरेला सेबाल्डचं चर्च आणि त्याही वर खडकावर किल्ला, दक्षिणेला लोरेंझचं चर्च. सगळ्याला वेढा घालणारा तट मुळात पाचेक किलोमीटरचा. त्यातला बराचसा अजून उभा आहे. मुख्य रेल्वे स्थानक या तटाच्या आग्नेय कोपऱ्याला, पण बाहेर. आणि हॉटेलांची यादी "स्वस्तापासून महागाकडे" अशी लावली, की पहिली सगळी नावं स्थानकाच्या पलीकडे, दक्षिणेला जाऊन पडतात. खोल्या स्वच्छ, लिफ्ट, गाडी पकडायला सोपं. ह्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "हेच घे. चालत दहा मिनिटांत तुझं जुनं शहर. झोपायलाच तर जायचंय."

तिथेच आमचं घोडं अडलं. झोपायलाच जायचंय हे खरं, पण जुन्या शहराचं खरं रूप दुकानं मिटल्यावर आणि उघडण्याआधीच दिसतं, असं माझं महालातल्या बालपणापासूनचं मत आहे. दिवसभर बडकस चौक गिऱ्हाइकांचा असतो. पहाटे साडेपाचला तो तिथल्या माणसांचा असतो. न्यूर्नबर्गच्या मुख्य चौकातही दुपारी बाराला गर्दी जमणार. तिथल्या चर्चच्या दर्शनी भिंतीवर १५०९ सालचं घड्याळ आहे. बाराच्या ठोक्यानंतर सात राजपुरुष बाहेर येऊन सम्राट चौथ्या कार्लभोवती फेऱ्या मारतात. सगळे माना वर करून बघणार, मीही बघेन. पण त्या चौकात पहाटे भाजीचे गाळे मांडणारा माणूस काय बोलतो, दगडी फरशीवर पहिल्या ढकलगाडीचा आवाज कसा येतो, हे ऐकायला तटाच्या आतच उठावं लागेल. खोलीचे वरचे पैसे मोजायचे ते या दोन वेळांसाठी.

मग मी तटाच्या आतली लहान हॉटेलं वाचू लागले. वाचू लागले असंच म्हणायला हवं, कारण पाहुण्यांनी लिहून ठेवलेले अभिप्राय मी कादंबरीसारखे वाचते. कुणाची तक्रार, जिना चक्राकार आणि लिफ्ट नाही. कुणाची, न्हाणीघर खोलीत नाही, व्हरांड्याच्या टोकाला. रात्री स्वागतकक्षात माणूस नसतो, किल्ली पेटीत ठेवतात, पेटीचा आकडा मोबाईलवर येतो. दुहेरी पलंगावर एक मोठं पांघरूण नसून दोन वेगळी, घडी घालून ठेवलेली. न्याहारीचे पैसे निराळे. रविवारी दुकानं बंद, म्हणून पाव-दूध शनिवारीच आणून ठेवायचं. कुणी एकानं रागानं लिहिलं होतं की सकाळी चर्चच्या घंटांनी झोप मोडते. मी त्या हॉटेलासमोर लगेच खूण केली.

काळवेळही बघावी लागते. नाताळच्या आधीचे चार आठवडे मुख्य चौकात मोठा बाजार भरतो, आणि जानेवारी सरता सरता खेळण्यांचं जगातलं बडं प्रदर्शन. त्या दिवसांत भाडी अशी चढतात की साध्या खोलीलाही राजेशाही दर येतो. आम्ही मे ठरवला. भिलाईचा मे म्हणजे कूलरसमोर बसून काढायचा महिना. तिथे मेमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड रेंगाळतो. पैसे न देता मिळणारा तो लांबलचक संधिप्रकाश मी जमेच्या बाजूला मांडला.

एका रात्री नकाशावर थेट किल्ल्याच्या अंगातच एक पलंगाचं चिन्ह दिसलं. सम्राटांच्या किल्ल्यात, दोन बुरुजांच्या मधोमध, युवा वसतिगृह. १४९४-९५ मध्ये हान्स बेहाइम नावाच्या गवंड्यानं बांधलेलं शहराचं धान्याचं कोठार ते. खाली सम्राटाच्या लवाजम्याचे घोडे, वर धान्य, आणि प्रचंड उतरत्या छपरात ओळीनं खिडक्या. भाडं स्थानकाजवळच्या हॉटेलांच्या तोडीचं, न्याहारी त्यातच. बव्हेरियातल्या अशा वसतिगृहांत पूर्वी सव्विशीपुढच्यांना मज्जाव असे. आता ती अट उठली आहे. सदस्यत्व लागतं, आणि ते आपल्या यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या कार्डावर भागतं. ज्या कार्डावर आमच्या पिढीनं हिमालयातले ट्रेक केले, तेच कार्ड सम्राटाच्या तबेल्याचं दार उघडणार होतं.

वसतिगृहांची ही चळवळही एका मास्तराचीच, हे वाचून शाळेत जन्म काढलेल्या मला बरं वाटलं. रिचर्ड शिरमान हा शिक्षक १९०९ च्या ऑगस्टात मुलांना घेऊन पायी सहलीला निघाला, वादळात सापडला आणि एका खेड्यातल्या शाळेत त्यांनी रात्र काढली. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळा वाटसरू मुलांना का देऊ नयेत, हा विचार तिथला. पुढे आल्टेनाच्या किल्ल्यात कायमचं वसतिगृह झालं. आल्टेना हे तार ओढणाऱ्यांचं गाव, मध्ययुगापासूनचं. आमच्या कारखान्यातही वायर रॉड मिल आहे, म्हणून ह्यांनी हा भाग दोनदा ऐकला. मला मात्र गाडगेबाबा आठवले. पंढरपूरला, नाशिकला, मुंबईत त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, त्यामागेही हाच हिशेब होता: ज्याच्या गाठीला पैसा नाही त्यालाही गावाच्या आत, देवाच्या जवळ पाठ टेकायला जागा हवी.

त्या कोठाराचा इतिहास पुढे वाचत गेले आणि एका तारखेपाशी थांबले. २ जानेवारी १९४५. त्या संध्याकाळी ब्रिटिश विमानांनी न्यूर्नबर्गवर बाँब टाकले आणि तटाच्या आतलं शहर जवळपास नव्वद टक्के जमीनदोस्त झालं. नाझींनी ज्या शहरात आपले मेळावे भरवले आणि युद्धानंतर ज्या शहरात त्यांच्या पुढाऱ्यांवर खटले चालले, ते हेच. कोठाराच्या नुसत्या भिंती उरल्या. वसतिगृह म्हणून ते पुन्हा उभं राहिलं १९५३ मध्ये. चित्रकार ड्यूररचं घर, कातडं कमावणाऱ्यांच्या गल्लीतली लाकडी सांगाड्यांची घरं अशा मोजक्या मूळ वास्तू वाचल्या; लोरेंझ आणि सेबाल्ड ही दोन्ही चर्चं ढिगाऱ्यातून पुन्हा उभारावी लागली.

म्हणजे ज्या वर्षांत दुर्गजवळच्या शेतांवर आमचे सेक्टर आखले जात होते, त्याच वर्षांत तिथले गवंडी "जुनं" शहर बांधत होते. माझं क्वार्टर आणि त्यांची जुनी पेठ एका वयाची! आधी मला फसवल्यासारखं वाटलं. एवढा खटाटोप, एवढे युरो, आणि राहायचं कुठे, तर पन्नाशीच्या दशकातल्या भिंतींत? तसं तर मी लग्नापासून राहतेच आहे.

पण पुढच्या काही रात्री मी त्या काळचे फोटो बघत राहिले. ढिगाऱ्यांमधून वाट काढणारी माणसं होती, राहायला घरं नव्हती, आणि तरी शहर पुन्हा कसं वसवायचं यावर स्पर्धा झाली, वाद झाले. सगळं सपाट आहे तर सरळ रुंद रस्ते काढून टाका, असं म्हणणं तेव्हा अगदी सोपं होतं. त्यांनी बऱ्याच अंशी जुन्या गल्ल्यांची रेघ ठेवली. घरं नवी, साधी, पण उतरती छपरं आणि वाळूच्या दगडाचा रंग राखला. गल्लीचं वळण राहिलं म्हणून चालणाऱ्याची पावलंही आज्याच्या वळणानंच पडतात. उलट माझ्या माहेरी कुठलंच विमान आलं नाही. केळीबाग रस्ता रुंद करताना मात्र जुनी घरं पुढून कापली गेली. आता तिथे गेले की घराचा उंबरा कुठे होता हे हवेत बोट दाखवून सांगावं लागतं.

राखण्यात सगळं पुण्यच असतं असंही नाही. न्यूर्नबर्गचा तो देखणा मुख्य चौक जिथे आहे, तिथे १३४९ पर्यंत ज्यूंची वस्ती होती. सम्राटानं परवानगी दिली, शेकडो ज्यूंना मारलं, घरं पाडली आणि बाजार केला. घड्याळाचं चर्च ज्यूंच्या प्रार्थनागृहाच्या जागेवर उभं आहे. घड्याळात दुपारी ज्याच्याभोवती राजपुरुष फिरतात, तो हाच सम्राट. बारा वाजता मान वर करताना हे आठवणीत ठेवायचं, असं मी वहीत लिहून ठेवलं आहे.

लेकीचं एर्लांगेन तर याहून गमतीचं. फ्रान्समधून धर्मासाठी परागंदा झालेल्या ह्यूगनॉट लोकांसाठी तिथल्या संस्थानिकानं १६८६ मध्ये जुन्या गावाशेजारी नवं एर्लांगेन आखून वसवलं. सरळ रस्ते, काटकोन, एकसारख्या घरांच्या रांगा. सेक्टरच म्हणा ना. तेव्हाच्या जुन्या गावकऱ्यांनी या नव्या वसाहतीला नाकं मुरडली असतीलच. युद्धात ते जवळजवळ शाबूत राहिलं आणि आज लोक तिथे जुनी वास्तुकला बघायला जातात. पट्टीनं आखलेलं शहरही जुनं होतं तर! त्याला फक्त तिथे टिकून राहणारी, निगा राखणारी माणसं लागतात. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून नेहरूनगर-रिसालीकडे पांगणाऱ्या आम्हा भिलाईकरांनी यावर जरा विचार करायला हवा.

ह्यांचं मन वळलं ते मात्र वेगळ्याच कारणानं. ह्यांची सगळी नोकरी रेल मिलमध्ये गेली. आता तिथे वेल्ड करून २६० मीटर लांबीचे अखंड रूळ निघतात, हे ते घरच्या मुलाच्या गुणांसारखं सांगतात. मी त्यांना दाखवलं, की जर्मनीतली पहिली वाफेची गाडी ७ डिसेंबर १८३५ ला न्यूर्नबर्गहूनच फ्यूर्थला धावली, सहा किलोमीटर, स्टीफन्सनच्या कारखान्यातल्या 'आडलर' इंजिनावर. आणि रेल्वेचं संग्रहालय तटाला लागूनच आहे. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रुळाचा छेद बघायला मिळेल का?"

आता वहीत हिशेब मांडला आहे. व्हिसासाठी राहण्याचा पुरावा लागतो, म्हणून बुकिंग रद्द करता येणारं. थोडं महाग पडलं तरी चालेल. तीस हजार युरोंचा विमा. बोटांचे ठसे द्यायला दुर्गहून हावडा मेलनं मुंबई. किल्ल्याचा चढ गुडघ्यांना सोसावा म्हणून एकेकच लहान बॅग, त्यात भाजणी आणि मेतकूट. खोली दोघांची, त्या पुन्हा घातलेल्या छपराखाली. न्याहारीच्या टेबलावर एखादी शाळकरी जर्मन मुलगी नक्की भेटेल आणि तुमचं शहर किती जुनं, असं विचारेल. उत्तर तयार आहे: तुमच्या या छपराहून दोन वर्षांनी धाकटं.