कोळशाच्या मुलखातून अण्णांना पत्रं

चार्ल्सटन, वेस्ट व्हर्जिनिया
ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही मागच्या पत्रात विचारलंत की एका पिढीत अख्खं राज्य एका पक्षाकडून दुसऱ्याकडे कसं गेलं. त्याचं उत्तर इथे राजधानीत मिळण्यासारखं नाही, पण आकडे मात्र इथलेच.

कनॉहा नदीच्या काठी सोनेरी घुमटाचं विधानभवन आहे, १९३२ साली पूर्ण झालेलं. त्याच वर्षी रूझवेल्ट निवडून आले आणि तेव्हापासून २०१४ पर्यंत इथल्या विधिमंडळात डेमोक्रॅटिक पक्षाचं बहुमत सलग टिकलं. दगड उभा केला तरी निवडून येईल, असं आपण म्हणतो ना, तशी गत. अध्यक्षपदाचंही तेच. १९३२ ते १९९६ या काळात हे राज्य रिपब्लिकनांकडे फक्त तीनदा गेलं: १९५६, १९७२ आणि १९८४. १९८० साली रेगनची लाट आली तेव्हा कार्टरच्या बाजूने उभ्या राहिलेल्या सहा राज्यांत हे एक होतं.

आणि आज? २०१२ पासून प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत सगळ्याच्या सगळ्या ५५ काउंट्या रिपब्लिकन. २०२४ मध्ये ट्रम्प यांना सुमारे ७० टक्के मतं. त्याच निवडणुकीनंतर राज्याच्या ३४ जणांच्या सिनेटमध्ये डेमोक्रॅट उरले २, आणि १०० जणांच्या प्रतिनिधिगृहात ९.

एक गोष्ट मला इथे आल्यावरच नीट उमगली. डेमोक्रॅटांचं वर्चस्व हेही इथलं पहिलं नव्हतं. यादवी युद्धात गुलामगिरीवाल्या व्हर्जिनियापासून फुटून १८६३ साली हे राज्य झालं आणि १८९६ पासून महामंदीपर्यंत इथे रिपब्लिकनांचाच जोर होता. म्हणजे १८९६ पासून मोजलं तर आताची ही तिसरी पाळी.

उद्या दक्षिणेला, खाणींच्या भागात जाते.

तुमची,
सुधा


मेटवान, मिंगो काउंटी

तीर्थरूप अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

गाव अगदी चिमुकलं. एका बाजूला टग फोर्क नदी, पलीकडे केंटकी राज्य. दुसऱ्या बाजूला डोंगर, मधोमध रेल्वेचे रूळ. रुळांकडे तोंड असलेल्या जुन्या विटांच्या भिंतीवर गोळ्यांच्या खुणा आहेत. मी बोट घालून पाहिलं. वीट आत खोल खचलेली आहे आणि कडा शंभर वर्षांच्या पावसाने गुळगुळीत झाल्या आहेत.

१९ मे १९२० ची ही गोष्ट. युनियनमध्ये सामील झालेल्या खाणकामगारांना कंपनीच्या घरांतून बाहेर काढायला बाल्डविन-फेल्ट्स या खाजगी एजन्सीची माणसं आली होती. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, पगारही बऱ्याचदा कंपनीच्या बिल्ल्यांत, जे फक्त त्याच दुकानात चालत. गावचा पोलीसप्रमुख सिड हॅटफील्ड कामगारांच्या बाजूने उभा राहिला. गोळीबारात दहा माणसं मेली: एजन्सीची सात, दोन खाणकामगार आणि गावचा महापौर. पुढच्या वर्षी हॅटफील्डला वेल्चच्या न्यायालयाच्या पायऱ्यांवर गोळ्या घातल्या. त्यानंतर सुमारे दहा हजार खाणकामगार गळ्यात लाल रुमाल बांधून ब्लेअर डोंगरावर चालून गेले. शेवटी केंद्राचं सैन्य आलं आणि कामगार हरले.

या हरलेल्या माणसांना १९३३ नंतर रूझवेल्टच्या कायद्यांनी युनियन करण्याचा हक्क दिला. खाणकामगारांचा पुढारी जॉन एल. लुईस याच्या युनियनने वेतन वाढवलं, निवृत्तिवेतन आणलं, १९५० च्या दशकात या डोंगररांगांत रुग्णालयं उभारली. डेमोक्रॅट हा मग नुसता पक्ष राहिला नाही. तो घरातल्या देव्हाऱ्यासारखा झाला, बाप ज्याला नमस्कार करी त्यालाच मुलगा करी.

पण विरोधकच नसल्यामुळे जे व्हायचं ते झालं. नोव्हेंबरची निवडणूक नावापुरती उरली, खरी लढाई मे महिन्यातल्या पक्षांतर्गत प्रायमरीत. इथले लोक ‘स्लेट’ म्हणतात, म्हणजे गटाच्या पुढाऱ्याने मतदानाच्या दिवशी हातात द्यायची नावांची चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर नाव यावं म्हणून उमेदवार पैसे मोजत. १९६० साली केनेडी इथल्या प्रायमरीत हम्फ्रींविरुद्ध उतरले तेव्हा या भागात पैसा कसा वाहिला, याची चर्चा अजून होते. कॅथलिक माणूस प्रोटेस्टंट राज्यात जिंकला, हा त्या प्रायमरीचा दुसरा, अधिक चांगला अर्थ.

तुमची,
सुधा


वेल्च, मॅकडॉवेल काउंटी

तीर्थरूप अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र लांबणार. इथे आल्यावर मन जड झालं आहे.

१९५० मध्ये या काउंटीत ९८ हजारांवर माणसं होती. २०२० च्या जनगणनेत उरली १९ हजार. बंद दुकानांच्या काचांवर आतून कागद चिकटवलेले आहेत. हॅटफील्ड जिथे पडला त्या पायऱ्या तशाच आहेत. १९६१ मध्ये केनेडींच्या योजनेतली देशातली पहिली फूड स्टॅम्प, म्हणजे गरिबांसाठीची धान्याची कुपनं, याच काउंटीतल्या कुटुंबाला मिळाली होती.

राज्यात १९५० च्या आसपास सव्वा लाखाच्या घरात खाणकामगार होते. यंत्रं आली आणि लुईसच्या युनियनने ती स्वीकारली, वेतन आणि आरोग्यनिधीच्या बदल्यात. पुढे वायोमिंगचा स्वस्त कोळसा आला, मग शेल गॅस. आज कामगार १५ हजारांच्याही आत आहेत. सगळ्यात मोठी गळती झाली ती राज्याच्या विधिमंडळात डेमोक्रॅट बहुमतात असताना, ओबामांच्या कितीतरी आधी.

तरी लोक दुरावले ते पर्यावरणाच्या मुद्द्यावर आणि बंदुकीच्याही. २००० मध्ये हे राज्य बुशकडे गेलं, त्यात गोर यांच्या हवामानविषयक भूमिकेचाही वाटा होता. इथली पाच निर्वाचक मतं मिळाली असती तर फ्लोरिडा हरूनही गोर अध्यक्ष झाले असते. मात्र अध्यक्षपदाचं मत आणि राज्यातल्या पदांचं मत बराच काळ वेगळं राहिलं. २००४ मध्ये इथल्या मतदारांनी बुशना निवडलं आणि गव्हर्नर म्हणून डेमोक्रॅट जो मँचिनना साठ टक्क्यांवर मतं दिली. २०१२ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत विद्यमान अध्यक्ष ओबामांविरुद्ध टेक्ससच्या तुरुंगातल्या एका कैद्याला सुमारे ४१ टक्के मतं पडली. यात वंशद्वेष अजिबात नव्हता असं मी म्हणणार नाही. पण याच मॅकडॉवेलने २००८ मध्ये ओबामांना निवडून दिलं होतं, हेही विसरता येत नाही. २०१६ मध्ये इथेच ट्रम्पना सुमारे तीन चतुर्थांश मतं मिळाली.

लोक फसले, असं शहरात बसून म्हणणं मला पटत नाही. ज्या पक्षाने त्यांना गृहीत धरलं, त्याला त्यांनी सोडलं. नव्या पक्षानेही खाणी परत आणलेल्या नाहीत. हे दोन्ही खरं आहे.

अण्णा, तुम्ही शिक्षक, म्हणून हे मुद्दाम लिहिते. २०१८ मध्ये इथल्या सुमारे वीस हजार शिक्षकांनी पगार आणि आरोग्यविम्यासाठी संप केला. ५५ पैकी ५५ काउंट्यांतल्या शाळा बंद. गळ्यात तेच लाल रुमाल. गरीब मुलांचं दुपारचं जेवण शाळेवर अवलंबून, म्हणून संपावर जाताना शिक्षकांनीच मुलांसाठी जेवणाची पाकिटं भरली. रिपब्लिकन विधिमंडळाने पाच टक्के वाढ मान्य केली. संपात दोन्ही पक्षांना मत देणारे शिक्षक होते. नोव्हेंबरात विधिमंडळ रिपब्लिकनांकडेच राहिलं आणि २०२१ मध्ये त्यांनी असे संप बेकायदा ठरवणारा कायदा केला. मेटवानची माणसं संपलेली नाहीत, त्यांच्या एकजुटीला मतपत्रिकेवर जागा उरलेली नाही, इतकंच.

तुमची,
सुधा


चार्ल्सटन

तीर्थरूप अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

परत राजधानीत आले. थोडक्यात लिहिते. जिम जस्टिस २०१६ मध्ये डेमोक्रॅट म्हणून गव्हर्नर झाले, २०१७ मध्ये ट्रम्प यांच्या सभेत पक्ष बदलला आणि आता केंद्रातल्या सिनेटमध्ये मँचिन यांच्या जागी आहेत. २०१५ मध्ये एका खुणेत एकाच पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत देण्याची सोय रद्द झाली, तरी मतं एकगठ्ठाच पडतात.

निर्णय आता रिपब्लिकन प्रायमरीत होतात, जसे पूर्वी डेमोक्रॅटिक प्रायमरीत होत. फरक असा, की नोंदणीत कुठल्याच पक्षाचे नसलेले मतदार राज्यात सुमारे चौथाई आहेत आणि २०२४ पर्यंत त्यांना रिपब्लिकन प्रायमरीत मत देता येत होतं. पक्षाने २०२४ च्या सुरुवातीला ती मुभा काढून घ्यायचं ठरवलं. मे २०२६ पासून तिथे फक्त नोंदणीकृत रिपब्लिकनांनीच मत द्यायचं, असा तो निर्णय.

तुमची,
सुधा