साथीचे त्रैराशिक

गणिताचा संसारात उपयोग काय, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारीत असत. आणि वाणसामानाचा हिशेब व चक्रवाढ व्याज ह्यांपलीकडचे उत्तर देण्याचा प्रसंग आम्हां शिक्षकांवर क्वचितच येई. परंतु २०२० साली कोरोनाच्या साथीत घरोघरी आलेख पाहिले जाऊ लागले, आणि रोगाचेही गणित असते हे आबालवृद्धांस कळून चुकले. ते गणित मुळात काय आहे व एकत्र कुटुंबात त्याचा उपयोग कसा होतो, हे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

प्रश्न जुनाच आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात ‘जनपदोद्ध्वंसनीय’ नावाचा अध्याय आहे. माणसांच्या प्रकृती, आहार, बल, वय ही सारी भिन्न असता एकाच वेळी एकाच रोगाने सबंध प्रांत उद्ध्वस्त कसा होतो, असे अग्निवेश तेथे आत्रेयांस विचारतो. वायू, जल, देश व काल हे सर्वांस समान असतात आणि ते बिघडले म्हणजे असे घडते, असे उत्तर त्यास मिळते. प्रश्न मोठा मार्मिक आहे. परंतु साथ कोणत्या मानाने वाढते, आणि मुख्य म्हणजे ती थांबते का, ह्याचा उलगडा होण्यास पुढे गणिताचा आश्रय करावा लागला.

ह्या उलगड्याचा आपल्या मुंबईशी निकट संबंध आहे. मुंबईत १८९६ साली प्लेग शिरला व पुढे वर्षानुवर्षे फिरून फिरून येत राहिला. १९०५ च्या डिसेंबरपासून १९०६ च्या जुलैपर्यंत त्याने दर आठवड्यास किती माणसे दगावली, ह्याचे आकडे नोंदलेले आहेत. आरंभी ते थोडे, एप्रिलच्या सुमारास नऊशेच्या घरात आणि जुलैत पुन्हा थोडे. एडिंबरो येथील कर्मॅक व मॅकेंड्रिक ह्यांनी १९२७ साली आपले गणित ह्याच आकड्यांशी ताडून पाहिले. मॅकेंड्रिक हे हिंदुस्थानात नोकरी केलेले डॉक्टर होते. कर्मॅक हे रसायनशास्त्रज्ञ, आणि १९२४ साली प्रयोगशाळेतील अपघातात त्यांची दृष्टी गेलेली होती.

त्यांची मांडणी शाळकरी मुलासही समजावी अशी आहे. लोकसंख्येच्या तीन राशी कराव्या : ज्यांस रोग होऊ शकेल ते, ज्यांस झाला आहे ते, आणि बरे होऊन अथवा मरून जे निवृत्त झाले ते. (निवृत्तांत आम्ही शिक्षकही मोडतो, पण सुदैवाने ते निराळ्या अर्थाने!) पहिल्या व दुसऱ्या राशींची गाठ जितकी अधिक पडेल तितके नवे रोगी अधिक. म्हणून आरंभी रोग चक्रवाढ व्याजासारखा फुगतो. परंतु प्रत्येक नव्या रोग्यागणिक पहिली राशी एकाने घटते. ती घटता घटता अशी वेळ येते की, एक रोगी स्वतः निवृत्त होण्यापूर्वी सरासरीने दुसऱ्या एकासही रोग देऊ शकत नाही. तेथून साथ ओसरू लागते. पहिल्या राशीत पुष्कळ माणसे शिल्लक असतानाच ती विझते, हाच ह्या गणिताचा खरा लाभ होय.

प्लेग हा मुळात उंदरांचा रोग, व तो पिसवांच्या द्वारे मनुष्यास होतो. तेव्हा ही मांडणी त्यास काटेकोर लागू पडत नाही. खुद्द त्या ग्रंथकारांसही ह्याची जाणीव होती. माणसे एकमेकांत सारखी मिसळतात हे गृहीतही ढोबळच. तथापि ढोबळ हिशेबानेही घरातला मोठा निर्णय होऊ शकतो, हे मी अनुभवाने सांगतो.

आमचे कुटुंब तेरा माणसांचे. त्यांत माझा नातू दीड वर्षाचा आणि पुतण्याची मुलगी सहा महिन्यांची. नातवाच्या गोवराच्या लसीची दुसरी मात्रा देण्याची वेळ आली, तेव्हा माझ्या थोरल्या वहिनी म्हणाल्या, “भावोजी, पहिल्या सुईने पोराला दोन दिवस ताप होता. आता पुन्हा कशाला? आमच्या लहानपणी गोवर सगळ्यांनाच येऊन जात असे.”

येऊन जात असे हे खरे. पण मी आठ वर्षांचा असताना आमच्या घरी तो आला, तो माझ्या धाकट्या बहिणीस घेऊन गेला. गोवर मावळल्यावर तिच्या छातीत कफ भरला व चौथ्या दिवशी ती गेली. वहिनी त्यानंतर पुष्कळ वर्षांनी ह्या घरात आल्या. त्यांस हे ठाऊक नव्हते. ते सांगून झाल्यावर मी पाटी मागवली.

गोवराचा एक रोगी, कोणासही लस नसेल तर, सुमारे बारा ते अठरा जणांस रोग देतो. आपण पंधरा धरू. त्या पंधरांपैकी चौदा सुरक्षित असतील तर रोग एकाकडून एकाकडेच जाईल. त्याहून अधिक सुरक्षित असतील तर विझेल. म्हणजे शेकडा चौऱ्याण्णव-पंचाण्णव माणसे सुरक्षित हवीत. नवव्या महिन्यात दिलेली पहिली मात्रा शंभरांतील सुमारे पंधरा मुलांस पुरती लागू होत नाही, म्हणून दुसरी. आणि जिला नऊ महिने पुरे झाले नाहीत, तिला तर पहिलीही देत नाहीत. तिचे रक्षण तिच्याभोवतीच्या माणसांनीच करावयाचे. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली व तीत मुले दगावली, हेही मी सांगितले.

वहिनी पाळण्याकडे पाहत काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे सुई ह्याला, आणि राखण तिची?” एवढा नेमका सारांश मला तरी करता आला नसता. दुसऱ्याच दिवशी त्या स्वतः सुनेबरोबर नातवास घेऊन गेल्या. ह्या खेपेस तापही आला नाही.

वाचकांनी आपापल्या घरातील मुलांची लसीकरणाची पुस्तके एकदा काढून पाहावी आणि राहिलेली मात्रा देववावी, एवढीच विनंती आहे. ज्या घरी पाळणा हलत आहे, त्यांनी तर ह्या कामी विलंब करू नये.