नवाईच्या आधी खाल्लेली काकडी



पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण वाचा. प्रकल्प कार्यालयात अर्ज भरायचे दिवस आले की मला रोज दोन-चार फोन येतात, "गुरुजी, पोराला नामांकित शाळेत टाकू का?" इतकी वर्षं मी लगेच "टाका" म्हणत आलो. यंदा हा प्रश्न माझ्याच घरात आलाय आणि तोंडातून उत्तर निघत नाही.

गोष्ट मागच्या पावसाळ्यातली. माझ्या बहिणीचा मुलगा, वय वर्षं सात, शहरातल्या निवासी इंग्रजी शाळेत आहे. शाळेचं नाव घेत नाही, तिच्याबद्दल माझी तक्रारही नाही. ताप आला म्हणून पोळ्याच्या सुमारास त्याला घरी आणलं होतं. आमचं गाव मोलगीच्या वरच्या अंगाला, डोंगरात. बरा वाटायला लागला तसा तो आजीच्या, म्हणजे माझ्या आईच्या मागे शेतात गेला. आमच्याकडे मक्यात काकडीचे वेल सोडलेले असतात. पठ्ठ्यानं एक काकडी तोडली, पँटला पुसली आणि उभ्या उभ्या खाल्ली.

आई बांधावर मटकन बसली. ओरडली नाही, मारलं नाही. नुसती बसून राहिली, कारण नवाई व्हायची होती.

खालच्या भागातल्या मित्रांसाठी सांगतो. नवाई म्हणजे नव्या पिकाची पूजा. शेतात नवा मका, काकडी, भाजी आली तरी ती आधी देवाला आणि पूर्वजांना द्यायची, मग माणसानं खायची. गावचे डाये आणि पुजारा बसून दिवस ठरवतात. तोवर कोणी तोंड लावत नाही. राखण नसते, कुलूप नसतं. चार वर्षांचं पोर रोज त्या वेलाखालून जातं, लोंबणाऱ्या काकडीला हात लावून बघतं आणि सोडून देतं. बाई, पोराला भूक लागत नाही का? लागते की! आमच्याकडे पावसाळ्याचे ते महिने म्हणजे कणगी तळाला गेलेले महिने असतात. तरी पोर थांबतं, कारण आजी थांबलेली त्याला दिसते.

तर आईनं भाच्याला विचारलं, "एकट्यानेच खाल्ली?" त्याला वाटलं, आजीला तुकडा हवा होता. उरलेला देठाकडचा भाग पुढे करून तो मोठ्यानं म्हणाला, "शेअरिंग इज केअरिंग!" शाळेत हाताच्या खुणा करत म्हणायला शिकवलंय. आईला शब्द कळले नाहीत. मला कळले आणि हसूही आलं, आणि पोटात कसंतरीच झालं.

पोरगं वाईट नाही हो. काकडी खाल्ली हा गुन्हाही नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण सांगायच्या वयात तो तिथे होता आणि सांगणारी इथे होती.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. नवीन नोकरीला लागलो तेव्हा तोरणमाळच्या बाजूला एका शाळेवर होतो. पहिलीतली एक मुलगी दुपारची खिचडी खाईना. खिचडीत त्या दिवशी गावातल्याच कुणाच्या तरी शेतातली नवी भाजी घातली होती आणि तिच्या घरची नवाई झालेली नव्हती. मी, भिलाचा पोरगा, डीएड करून गेलेला, तिला सगळ्यांसमोर म्हणालो, "असली अंधश्रद्धा शाळेत चालणार नाही. खा." तिनं खाल्लं. रडत रडत खाल्लं. त्याच सकाळी परिपाठात मी फळ्यावर दिवसाचं मूल्य लिहिलं होतं, संवेदनशीलता. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ती मुलगी आता आई झाली असेल. तिच्या पोराला ती काय सांगत असेल, हा विचार कधीकधी रात्री येतो.

मूल्यशिक्षणाची ती दहा मूल्यं आम्हा मास्तरांना पाठ असतात. श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, सौजन्यशीलता वगैरे. मूल्यं चांगलीच आहेत. पण श्रमप्रतिष्ठा फळ्यावर लिहून मी ज्या पोरांना समजावत होतो, त्यांच्या घरी लाह असते! कुणाचं घर बांधायचं असो, पेरणी मागे पडलेली असो, पाड्यावरचे लोक एक दिवस येऊन काम करून देतात. मजुरी नाही. घरधनी जेवण घालतो आणि पुढच्या वेळी स्वतः जातो. पाच-सहा वर्षांची पोरंही तिथे असतात. कुणी पाणी देतं, कुणी कौल हातोहात पुढे करतं. त्यांना "श्रमप्रतिष्ठा" हा शब्द लिहायला सांगितला तर चुकेल. परीक्षेत मी चुकीची खूण करत आलो.

२०२४ च्या मे महिन्यात राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला तेव्हा किती गदारोळ झाला ते आठवत असेल. मनाचे श्लोक, गीता पाठ करून घ्यावी की नाही, यावर टीव्हीवर आठवडाभर भांडण. रामदासस्वामींशी माझं काही वाकडं नाही. पण त्या भांडणात दोन्ही बाजूंच्या कुणालाही हे विचारावंसं वाटलं नाही की ज्या जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत, तिथल्या पोरांना चांगलं-वाईट कुठून कळतं? जणू आम्ही कोरी पाटी. कुणीतरी येऊन लिहायची, भांडण फक्त कुणी लिहायचं याचं.

साने गुरुजी तर आपल्या खानदेशचे, अमळनेरच्या शाळेतले मास्तर. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. ती आई पोराला कशातून शिकवते? कोकणातल्या तिच्या घरातल्या देवातून, सणातून, व्रतातून, झाडापानातून. मुद्दाम बसवून तास घेत नाही. तेच तर त्या पुस्तकाचं मोठेपण. मी ते दरवर्षी वर्गात वाचतो. पण सातपुड्यातली आई काय करते, हे वर्गात आणायला मला इतकी वर्षं लागली.

आमची आई म्हणजे याहामोगी. 'याहा' म्हणजेच आई. महाशिवरात्रीला सातपुड्यातले लोक देवमोगऱ्याला जातात, सीमेपलीकडे गुजरातच्या सागबारा तालुक्यात. बांबूच्या नव्या टोपलीत घरचं धान्य घेऊन. तिची गोष्ट आम्हाला चुलीपाशी सांगितली जायची. दुष्काळ पडला, माणसं-जनावरं मरायला लागली, तेव्हा हिनं आपली कोठारं उघडली. एवढीच मुख्य गोष्ट, बाकी सांगणाऱ्याप्रमाणे बदलते. तिनं कुणाला मारलं, जिंकलं, शाप दिला म्हणून ती मोठी नाही. तिनं धान्य दिलं म्हणून ती देवी. तीन वर्षांच्या पोराला यापेक्षा सोपं काय सांगणार?

आणि होळी. काठीची राजवाडी होळी बघायला आता मुंबई-पुण्याचे कॅमेरे येतात. बुध्याच्या डोक्यावरचा मोरपिसांचा टोप, कमरेचे घुंगरू, भोपळे, ढोल, सगळं छान टिपतात. पण नवस फेडायला बावा-बुध्या बनलेला माणूस पालनी पाळतो, ती फोटोत येत नाही. तो खाटेवर बसत नाही, जमिनीवर झोपतो, बाईपासून दूर राहतो, खाण्यावर बंधन ठेवतो. का? घरातलं कुणी आजारी होतं, शेत बुडत होतं, तेव्हा त्यानं देवाला शब्द दिला होता. आता तो पाळतोय. एरवी खाटेवर पसरून हुकूम सोडणारा आपला बाप त्या दिवसांत अनवाणी आणि जमिनीवर आहे, हे पोर बघतं. दिलेला शब्द पाळणं म्हणजे काय, हे त्याला तिथे कळतं. पण कॅलेंडरमधली होळी एका दिवसाची आणि आमची होळी गावागावात वेगवेगळ्या दिवशी पेटते. निवासी शाळेतलं पोर एवढी सुट्टी आणणार कुठून?

आता दुसरी बाजू. ती लिहिली नाही तर मी खोटा ठरेन.

ज्या चुलीपाशी याहामोगीची गोष्ट कळली, त्याच चुलीपाशी मला डाकीण हा शब्दही कळला. अमकीच्या नजरेनं पोर आजारी पडलं, तमकीला गावातून काढा. आपल्या डोंगरात याच्यापायी बायांना मारहाण झाली आहे, जीव गेले आहेत. २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, अंनिसचे कार्यकर्ते पाड्यापाड्यावर फिरले, तरी तो शब्द अजून मेलेला नाही. आणि गावचं पंच बसतं तेव्हा बाई कुठे असते, हेही पोरी लहानपणापासून बघतातच. म्हणून "आपली परंपरा ती सगळी सोनं" असं स्टेटस टाकणाऱ्या तरुण मित्रांना माझं सांगणं आहे, जरा दमानं.

पण सुधारणाही काय फक्त बाहेरूनच आली? १९३० च्या दशकात तळोद्याजवळच्या मोरवडला गुलाम महाराज झाले. आपल्यातलेच. दारू सोडा, रोज आंघोळ करा, सोमवारी आरतीला जमा आणि एकमेकांना 'आप' म्हणा, हे त्यांचं सांगणं. ज्या माणसाला आयुष्यभर सावकार, शिपाई, जमीनदार 'ए' आणि 'तू' म्हणत आला, त्याला शेजारी 'आप' म्हणायला लागला. लहान पोरालाही 'आप'. लाखोंनी लोक जमले. १९३८ मध्ये महाराज गेले, पुढे त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी काम चालवलं. आजही तळोदा-शहाद्याकडे "आप की जय" कानावर येतं. माझ्या मते लहान मुलांना आदर शिकवायची इतकी साधी युक्ती दुसरी नाही. आधी त्यालाच आप म्हणा, मग बघा.

आता माझ्या पाड्यावर एका घरी पूर्वजांना मोहाची धार सोडतात आणि शेजारच्या घरी आपवाले तिला शिवत नाहीत. नवापूरकडे कितीतरी घरं चर्चला जातात. पोरं सगळी एकत्र खेळतात. त्यामुळे अंगणवाडीत देवाची पूजा सुरू करा असं मी म्हणत नाहीये, उगीच कुणी ओढून नेऊ नका. घटनेचं २८ वं कलम सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माचं शिक्षण देऊ देत नाही आणि ते बरोबर आहे. पूजा घरी होऊ दे. पण आजीला अंगणवाडीत बोलवायला कुठलं कलम आड येतं? न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांनी १९८२ पासून हेच केलं. 'कोहांगा रेओ', म्हणजे भाषेचं घरटं. लहान पोरं आणि म्हाताऱ्या माणसांना एका छपराखाली बसवलं, भाषाही तीच आणि रीतही तीच. आठवड्यातून एक सकाळ आजी येईल, तिच्या बोलीत गोष्ट सांगेल, बी निवडताना पोरांना सोबत बसवेल. याला निधी लागत नाही. चहा लागेल.

शहरातल्या शिकलेल्या मित्रांसाठी एक जोड. अमेरिकेत मिशेल नावाच्या मानसशास्त्रज्ञानं लहान मुलांपुढे गोड खाऊ ठेवला. थोडं थांबलास तर दुप्पट मिळेल, असं सांगितलं. कोण थांबतं ते मोजलं. पुढे इतर अभ्यासकांनी दाखवलं की समोरचा मोठा माणूस शब्दाचा पक्का असेल तर पोर जास्त वेळ थांबतं. काही मिनिटांचा प्रयोग, जगभर गाजला. आमची पोरं कित्येक दिवस काकडीखाली थांबतात!

घरातल्या प्रश्नाकडे येतो. भाची यंदा सहा पूर्ण करते. बहीण दाखले गोळा करून आली, जातीचा, उत्पन्नाचा, जन्माचा. "दादा, अर्ज भरून दे." मी हे सगळं तिला ऐकवायला लागलो. नवाई, लाह, आजी. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "तुझी दोन्ही पोरं नंदुरबारला शिकली. तेव्हा तुला नवाई नाही आठवली. माझ्या पोरीनं मात्र इथे बसून संस्कार सांभाळायचे? आणि इंग्रजी कोण शिकवणार, तू?"

काय बोलणार? खरं आहे. माझा मुलगा बासरीला तोंड लावत नाही आणि त्याला चांगली नोकरी आहे. दोन्ही खरं आहे.

आई त्या वेळी कोपऱ्यात बसून मागच्या वर्षीचं काकडीचं बी राखेतून काढून निवडत होती. भाची तिच्या मांडीला टेकून पोचट बिया बाजूला काढत होती. दोघी काही बोलत नव्हत्या.

अर्ज टेबलावर आहे. नाव भरलंय, शाळेचा पसंतीक्रम रिकामा आहे. ज्यांनी आपली पोरं बाहेर पाठवली आहेत त्यांनी खाली लिहा, पोरगं सुट्टीत घरी आलं की आजीशी कोणत्या भाषेत बोलतं आणि काय बोलतं. मला खरंच जाणून घ्यायचंय.