फरशीच्या दरजा

घरात फरशी बसवायची म्हटली की माणूस तिचा रंग पाहतो, आकार पाहतो, भाव पाहतो. दोन फरश्यांमधल्या रेघेची चौकशी कोणी करीत नाही. गवंडी तिला दरज म्हणतो, दुकानदार ग्राउट म्हणतो. घरमालकाच्या लेखी ती नसतेच. बिघडली की मात्र दुसरे काही दिसत नाही. पाहुणा चहा पिताना खाली पाहू लागला, की वाटते, हा आपल्या दरजाच मोजतो आहे!

आमचे घर बदलापूरला, तळमजल्यावर. उल्हास नदी ही आमची शेजारीण. २६ जुलै २००५ ला ती घरात येऊन गेली, २७ जुलै २०१९ ला पुन्हा आली. त्या दिवशी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवासी सुखरूप बाहेर काढले, हे साऱ्या देशाने वाचले. आमच्या घरात काय उरले ते छापण्याजोगे नव्हते. फरश्या पुसून लख्ख झाल्या. दरजा मात्र कुठे तपकिरी, कुठे काळ्या राहिल्या. त्या पाहिल्या की सौ. म्हणे, "वरच्या मजल्यावर कुठेतरी जागा पाहू या."

डाग निघत नाही याला कारण आहे. फरशीला झिलई असते. दरजेतले सिमेंट सच्छिद्र असते. ते पाणी पिते, पाण्यातला गाळही पिते. कधी उलट घडते. खालची ओल सिमेंटमधला चुना वर आणते आणि तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरे पुट धरतो. नवी दरजसुद्धा कालवताना पाणी जास्त झाले, किंवा चिंब फडक्याने पुसली, तर पहिल्याच दिवशी ठिपकेदार दिसते.

लोक यावर ॲसिड ओततात. एका शेजाऱ्यांनी ओतले. दोन दिवस दरजा दुधासारख्या दिसल्या, मग त्यांतून भुगा झडू लागला. ॲसिड डागाबरोबर सिमेंटही खाते. वह्या तपासणाऱ्या माणसाला हे ओळखीचे आहे. अक्षर खोडताना कागद फाडणारी मुले दर वर्गात असतात.

सामान आणायला मी उल्हासनगरला गेलो. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसे राहिली आणि ८ ऑगस्ट १९४९ ला त्या छावणीचे उल्हासनगर झाले. दुकानदाराचे आजोबा त्यांतलेच. मी विचारले, "शेठ, पुन्हा पाणी आले तर हे सगळे वायाच ना?"

पुडा बांधता बांधता तो म्हणाला, "मास्तर, आजोबांना वाटे, सहा महिन्यांत सिंधला परत जायचे. तरी पहिल्याच आठवड्यात त्यांनी बराकीतल्या जमिनीची भोके बुजवली. रात्री झोपायचे तर तिथेच होते!"

मेच्या सुट्टीत कामाला बसलो. नुसत्या मळलेल्या दरजा कोमट पाणी, साबण आणि ब्रश यांनीच उजळल्या. पोकळ झालेल्या जुन्या करवतीच्या पात्याने खरवडल्या, धूळ काढली, किंचित ओल्या केल्या. रंगाची पूड पांढऱ्या सिमेंटमध्ये कोरडीच, एका वेळी सगळी मिसळली. मग घट्ट श्रीखंडासारखे कालवून रबराने दाबून भरले. घट्ट पिळलेले फडके तिरके फिरवले, म्हणजे भरलेले उकरून निघत नाही. वाळण्याची घाई केली नाही.

माझी शाळा अंबरनाथला. तिथल्या शिवमंदिरात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. ते शिलाहारांच्या काळचे दगड चुन्यावाचून एकमेकांना धरून उभे आहेत. आमच्यासारख्यांच्या घरांना ते भाग्य नाही. आमच्या दरजा दर पावसाळ्याआधी पाहाव्या लागतात. सुटलेली पुन्हा भरावी लागते. जिथे राहायचे, तिथे एवढे करणे आलेच.

पुढच्या जुलैत नदी काय करील ते तिचे तिला ठाऊक. सौ. ने मात्र वरच्या मजल्याची गोष्ट पुन्हा काढलेली नाही. आणि फरशी पुसताना आता ती फडके घट्ट पिळते.